लेखकाचा परिचय

टिकाऊराव हे नाव त्यांना मेहुण्याने दिलं होतं, कारण ते कुठल्याच नोकरीत टिकले नाहीत. घड्याळाच्या दुकानातली नोकरी रोज उशिरा पोचल्यामुळे गेली. लिफ्ट दुरुस्त करायला गेले, तर दोनदा स्वतःच आत अडकून बसले. विमा एजंट झाले, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक सासरे होते आणि शेवटचंही तेच.

साठी उलटल्यावर त्यांनी लेखणी हातात धरली. सहा महिने घाम गाळून एक गंभीर प्रेमकथा लिहिली आणि मासिकाकडे पाठवली. सोबत लेखकाचा परिचय हवा होता. तो मात्र त्यांनी दहा मिनिटांत खरडला, सगळं जसं घडलं तसं.

महिन्याभराने संपादकांचा फोन आला. बायकोलाही ऐकू जावं म्हणून टिकाऊरावांनी मुद्दाम स्पीकर लावला.

"प्रेमकथा काही जमली नाही हो," संपादक म्हणाले. "पण सोबतची विनोदी कथा छापतोय आम्ही. हसून हसून मुरकुंडी वळली!"

टिकाऊरावांनी फोन तोंडाजवळ ओढला. "विनोदी कथा? अहो, तो तर माझा परिचय..."

"फक्त शेवट तेवढा बदला. एवढं सगळं होऊनही बायको चाळीस वर्षं सोबत राहते, हे वाचकांना पटायचं नाही."

 

"पटत तर मलाही नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "पण त्यांना सांगा, शेवट तसाच राहील."