सलाईन सरेपर्यंत

आईच्या दहाव्याला झालेल्या भांडणानंतर धाकटा भाऊ दर दसऱ्याला सायखेड्याहून सोनं द्यायला यायचा आणि चाहूल लागताच सहादू मागच्या दाराने मळ्यात सटकायचा. यंदा मात्र सहादूच्या उजव्या हातात सुई होती. सिस्टर घरीच सलाईन लावून, बाटली खिडकीच्या गजाला टांगून गेली होती. उठायची सोय नव्हती. धाकटा आत आला, आपट्याची पानं पुढे केली. “हात गुंतलाय,” सहादू भिंतीकडे बघत म्हणाला. “दिसतंय, दादा. डाव्या हातानं सोनं घेत नाय कुणी. बाटली सरू दे, मग घे.” धाकटा खुर्ची ओढून बसला. थेंब पडत राहिले. सहादूने हळूच डाव्या हाताने नळीवरची चक्री फिरवली. थेंब मंदावले. धाकट्याने ते पाहिलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत स्वयंपाकघराकडे हाक मारली, “वयनी, च्या ठेवा. मला आज काय घाई नाय.”