चौथा दाणा

"बेअरिंग गेली," बॉनेटखाली पुरतं वाकायच्या आधीच सयाजी म्हणाला. "इंजिन उतरवायला लागंल."

कराडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, चिंचेच्या सावलीत भाऊसोंची बासष्ट सालची अँबॅसिडर उभी होती. भाऊसो फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. साताऱ्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिकडं निघाले होते. नवं बांधलेलं इंजिन तीनशे किलोमीटर चाललं, ऑइल प्रेशरचा काटा पन्नासवरून हलला नव्हता. इथं येऊन तो एकदम दहावर पडला. भाऊसोंनी त्याच क्षणी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि सांगलीला गॅरेजात फोन लावला. तिथून सयाजी आणि क्रांती, दोघं मेकॅनिक, पिकअप घेऊन आले होते.

"फौजेत काटा पडला की पयली चौकशी ड्रायव्हरची," ते म्हणाले. "मी काय केलं न्हाई बरं का."

"तुमी न्हाई ओ, भाऊसो," सयाजी म्हणाला. पुढचं बोलायची गरज नव्हती. इंजिन क्रांतीनं बांधलं होतं.

भाऊसोंचा फोन आला तेव्हा सयाजीला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पिकअप इथं पोचेपर्यंत ते वाईट वाटणंही संपलं होतं. अल्लाबक्षचाचांच्या गॅरेजात त्याला अठरा वर्षं झाली होती, तिला तीन. तरी चाचांनी बारीक मापं घ्यायचा आपला मायक्रोमीटर तिच्या हातात दिला होता. सयाजीनं अठरा वर्षं त्याची फक्त डबी पुसली. "इंजिनं आता क्रांती बांधंल," चाचा म्हणाले होते, "तू ब्रेक आन् क्लच बघ." हे तिचं पहिलंच इंजिन. हे पडलं तर बाकीची आपोआप त्याच्याकडं परत येणार होती.

क्रांतीनं गाडीतला ऑइल प्रेशरचा मीटर सोडवून तिथं स्वतःजवळचा लावला. इंजिन चार सेकंद चालवून बंद केलं. काटा दहावरच.

"मीटर खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "तेलाची पातळी बरोबर हाय. तेलाला पेट्रोलचा वास न्हाई, म्हंजे ते पातळ झालेलं न्हाई. आन् दादा, खालनं ठोक्याचा आवाज कुठं येतोय? बेअरिंग अशी एका मिनिटात जात न्हाई."

हे त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचं इंजिन असतं तर त्यानं आधी रिलीफ व्हॉल्व्ह खोलला असता. तेलाचा दाब फार वाढला की तो उघडतो आणि जास्तीचं तेल परत खाली सोडतो. तो उघडाच अडकून राहिला तर सगळंच तेल खाली जातं आणि काटा पडतो. पण बेअरिंग गेली, हे तो वाटेत चाचांनाही फोनवर सांगून बसला होता.

"व्हॉल्व्ह बघू?" तिनं विचारलं.

"मी बघतो. तू फडकं आन."

ती पिकअपकडं गेली. त्यानं इंजिनाच्या मागच्या बाजूचा, व्हॉल्व्हवरचा गोल डोक्याचा नट सोडवला. स्प्रिंग निघाली, चांगली होती. मग व्हॉल्व्ह. त्याच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. नखानं काढून त्यानं उन्हात धरलं.

तांदळाचा दाणा. एका बाजूनं चेपलेला. कुंकवाचा लाल रंग अजून गेला नव्हता.

इंजिन गाडीत बसवायच्या आधी भाऊसोंच्या मंडळींनी गॅरेजातच त्याची पूजा केली होती. तेलाच्या फिल्टरची नळी जोडायची राहिली होती, इंजिनावरचं तिचं भोक उघडंच होतं. चाचांनी नारळ क्रांतीला फोडायला लावला. मग एकेकानं पुढं होऊन चिमटीनं अक्षता वाहिल्या. सयाजी शटरपाशीच थांबला होता. "पुढं ये की रं," चाचा म्हणाले. "इथनं पोचत्यात," म्हणत त्यानं तिथूनच मूठभर अक्षता भिरकावल्या होत्या.

क्रांतीची पावलं ऐकू आली तशी त्यानं मूठ मिटली.

"काय हुतं?"

"कायतरी कचरा."

"लाल हाय का?"

त्यानं मूठ आणखी आवळली.

"शटराकडनं आलेले तीन दाणे भोकात पडताना बघितलं हुतं मी," ती फडकं झटकत म्हणाली. "सगळी जेवायला गेल्यावर चिमट्यानं काढलं. चौथा असंल असं वाटलं न्हाई. नळी जोडायच्या आधी मी भोकात बॅटरीचा उजेड मारून परत बघायला पायजे हुतं. चूक माजी हाय."

"चाचांना सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? कुणाचं नाव घेऊ?"

तिनं त्याच्या हातातून व्हॉल्व्ह घेतला, पुसला, भोकात सोडला. त्यामागं स्प्रिंग. नट तिनं आधी बोटांनीच फिरवला, मग पान्यानं. भाऊसोंना म्हणाली, "मारा स्टार्टर." काटा उठला आणि पन्नासवर जाऊन थांबला.

"आयला," भाऊसो म्हणाले. "निस्ता हात लावला आन् झालं व्हय?"

सयाजीचा फोन वाजला. चाचा होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"ओढायला गाडी पाठवू का रं? इंजिन उतरवायचं म्हनला हुतास."

क्रांतीनं पाने पुसायला घेतले. ती मान वर करत नव्हती.

"नको," सयाजी म्हणाला. "बेअरिंग चोख हायती, चाचा. व्हॉल्व्हमदी अक्षता अडकली हुती."

"अक्षता? कुणाची?"

सयाजीनं मूठ उघडली. दाणा तेलानं तळहाताला चिकटून बसला होता.

"लांबनं टाकलेली," तो म्हणाला.