दुसरा पियानो

“‘मधल्या भागात त्या शेवटच्या सुरावर थांबल्या, तेव्हा सगळ्या सभागृहाने श्वास रोखला,’” थोरलीच्या नवऱ्याने पेपर मोठ्याने वाचला. “‘एवढी शांतता पेलायला वादक मोठाच लागतो.’ घ्या. आमच्या मेहुणीबाईंनी गप्प राहून नाव काढलं. तू दिवसभर बोलतेस, तुझं कोणी छापत नाही.”

थोरलीने धुतलेला कप पुन्हा धुतला. काल तीही सभागृहात होती आणि तिनेही श्वास रोखला होता. धाकटी बहीण पियानो वाजवायला बसली की दुसरं काही करताच येत नाही. ते जुने, प्रेमाने आणि विरहाने ठासून भरलेले कन्चेर्टो ती असे वाजवते, की ते तिला आत्ताच सुचलेत असं वाटावं. थोरलीला काल अभिमानाने रडू आलं होतं. आणि त्याच वेळी, हिचा एक तरी सूर चुकावा, असंही मनापासून वाटलं होतं.

पण तो थांबा धाकटीचा नव्हताच. तो थोरलीचा होता.

कन्चेर्टो म्हणजे एका पियानोबरोबर सबंध ऑर्केस्ट्रा. तालमीला रोज एवढी माणसं कुठून आणायची? म्हणून थोरलीच्या बाहेरच्या खोलीत दोन पियानो आहेत. एकावर धाकटी आपला भाग वाजवते, दुसऱ्यावर थोरली अख्खा ऑर्केस्ट्रा दहा बोटांत गोळा करते. धाकटीला सगळं पाठ असतं. थोरली पुस्तकात बघून वाजवते. मधल्या भागात धाकटीचा एकटीचा तुकडा संपला की पुढची चाल दोघींनी एकदम उचलायची असते, आणि नेमकं तिथेच थोरलीचं पान संपतं. ते उलटून हात पुन्हा पट्ट्यांवर येईपर्यंत धाकटी शेवटचा सूर धरून ठेवते. घरी थांबून थांबून सवय लागली आणि ती सवय तिच्याबरोबर स्टेजवर गेली. पान उलटायचं हिने, टाळ्या घ्यायच्या तिने.

पेपरात हे कुठेच नव्हतं. असणार तरी कसं? खुद्द धाकटीलाही ते माहीत नसावं, आणि हेच थोरलीला जास्त लागत होतं.

आज संध्याकाळी तोच कार्यक्रम पुन्हा होता, आणि दुपारी धाकटी तालमीला यायची होती. थोरलीने स्वयंपाक नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि सकाळभर बसून पुढच्या पानाची सुरुवात पाठ केली. आज पान उलटायचं नाही. वेळेवर चाल उचलायची. धाकटी तिच्या त्या थोर शांततेत बसलेली असेल, तिची गडबड होईल आणि ती विचारेल, ताई, असं कसं झालं? मग सांगायचं. एकदाच, नीट, तिच्या तोंडावर सांगायचं.

धाकटी आली, हात चोळत बसली. “भावजी, पेपर लपवा तो. वाचला की माझे हात जड होतात.”

“तुझे कसले जड होतात,” थोरली म्हणाली. “चल, मधला भाग घेऊ.”

धाकटीने तुकडा संपवला आणि शेवटचा सूर धरला. थोरलीने पान उलटलं नाही. पुढची चाल तिने अगदी वेळेवर उचलली. दोन पियानो एकमेकांवर आदळले आणि धाकटीने दचकून हात उचलले.

“ताई, पान?”

“पाठ झालंय.” बाकीचं वाक्य थोरलीच्या जिभेवर तयार होतं.

पण धाकटीच हसायला लागली. “अगं, मग आधी नाही का सांगायचं? तुझ्या पानासाठी थांबायची मला इतकी सवय झालीय की स्टेजवरही थांबते. समोर ऑर्केस्ट्रा बसलेला असतो आणि मी आपली तुझं पान उलटायची वाट बघते. लोकांना त्यात काय काय ऐकू येतं, देव जाणे.”

जे ऐकायला थोरली इतकी वर्षं झुरली, ते धाकटी हसत हसत बोलून मोकळी झाली होती.

“बरं झालं पाठ केलंस,” धाकटी पुढे म्हणाली. “मलाही ते जरा लांबल्यासारखंच वाटायचं. न थांबता घेऊन बघू.”

घेतलं. शेवटचा सूर आला, आणि त्यातूनच पुढची चाल सरळ वर आली, मध्ये कुठे सांधा नाही. थोरलीच्या हातांवर काटा आला. कालच्यापेक्षा चांगलं झालं होतं. हे कळायला तिला पेपर लागत नव्हता.

“असंच ठेवते आज,” धाकटी म्हणाली.

“पुन्हा घेऊ या.”

“कशाला गं? बसलं की छान.”

“मला हवंय.”

धाकटीने खांदे उडवले आणि तुकडा पहिल्यापासून वाजवायला घेतला. थोरली पुस्तकाकडे बघत बसली, या जागी आता गरज न उरलेल्या पुस्तकाकडे. शेवटचा सूर जवळ आला तसा तिने हात वर नेला, पानाचा कोपरा धरला आणि रोजच्यासारखं ते उलटलं. रोजच्यापेक्षा जरा सावकाशच.

हात पट्ट्यांवर परत आले, तोवर धाकटी पुढे निघून गेली होती.