आधी आलेली बोट

भगवानराव ‘हो’ म्हणून मोकळे झाले, तेव्हा त्यांची मुलगी पाण्याखाली होती.

रूपाली नांगर बघायला उतरली होती. तो वाळूत नीट रुतलाय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ब्रिस्टलला विमानाच्या पंखांवर काम करते, त्यामुळे सगळं दोनदा तपासायची खोड. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची ही एवढीशी खाडीही तिनेच नकाशे धुंडाळून शोधली होती. ना कॅफे, ना कार पार्क. वर टेकडीवर गाई आणि खाली तळ दिसेल असं पाणी. फॅल्मथहून आठवड्यासाठी भाड्याने घेतलेली शिडाची बोट तिने दुपारी बाराला इथे आणून थांबवली, तेव्हा आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बाबांना बोटीवर आणायची ही पहिलीच वेळ. हे जमलं तर सप्टेंबरात ग्रीस, असं बापलेकीचं ठरलं होतं.

तीनच्या सुमारास एक निळी, चांगली पन्नास फुटी बोट आली आणि शेजारीच नांगर टाकून बसली. जरा जास्तच शेजारी. पांढऱ्या दाढीचा एक गोरा गृहस्थ तिच्या कठड्यापाशी आला.

“संध्याकाळी वारा फिरणार आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “आपल्या बोटीही फिरतील आणि एकमेकींवर आपटतील. तुम्ही जरा त्या खडकांकडे सरकता का? तुमची लहान आहे.”

“सॉरी, सॉरी. शुअर,” भगवानराव म्हणाले. “मुलगी वर आली की लगेच हलतो.”

सॉरी आधी, बाकीचं नंतर, अशी त्यांची पद्धत. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तेहतीस वर्षं त्यांनी रक्ताचे नमुने तपासले, आणि तेहतीस वर्षं कॉरिडॉरमध्ये समोरून कुणीही आलं की भिंतीला चिकटून वाट दिली. या देशात सगळेच उठसूट सॉरी म्हणतात. त्यामुळे भगवानरावांचं सॉरी गावाहून आलंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या गावात वरच्या आळीतलं कुणी येताना दिसलं की त्यांच्या वडिलांना रस्ता सोडून उभं राहावं लागे.

रूपाली शिडीवरून वर आली. केस पिळत म्हणाली, “बाबा, नांगर मस्त बसलाय. टेन आउट ऑफ टेन.”

“छान. पण आता काढ तो. आपल्याला तिकडे खडकांकडे सरकायचंय. मी सांगितलंय त्यांना.”

तिने निळ्या बोटीकडे पाहिलं. मधलं अंतर डोळ्यांनीच मोजलं.

“पण का?”

“वारा फिरणार आहे म्हणे. बोटी आपटतील. बरोबरच आहे त्यांचं.”

“वाऱ्याचं बरोबर आहे. पण बाबा, आपण फर्स्ट आलो. जी बोट आधी येते ती हलत नाही. नंतर आलेल्याने लांब थांबायचं. एव्हरीव्हेअर हाच रूल आहे, ग्रीसमध्ये पण. राजाची बोट आली तरी.”

“अगं, केवढी मोठी बोट त्यांची. आपण सरकलो तर काय बिघडतं?”

“माझं बिघडतं,” रूपाली म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतच होती. “ही जागा मी शोधली. तिकडे खाली सगळे दगड आहेत, नांगर होल्ड करणार नाही. आपण वाहत जाऊ.”

भगवानरावांनी खाली पाहिलं. त्यांना पोहता येत नव्हतं.

“मग तू सांग जा त्यांना. स्किपर तू आहेस.”

“मी सांगू शकते. टू मिनिट्सचं काम. पण येस तुम्ही म्हणालात ना? मग नो पण तुम्हीच म्हणा.”

एवढं बोलून ती टॉवेल घेऊन चहा टाकायला खाली गेली. मुद्दामच गेली.

भगवानरावांनी लाइफ जॅकेटचे पट्टे उगाचच पुन्हा आवळले. मग कठडा धरत धरत ते बोटीच्या टोकापर्यंत गेले. वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. दाढीवाल्याने वर पाहिलं, तेव्हा जिभेवर पहिला शब्द सॉरीच आला होता. त्यांनी तो गिळला.

“एक्स्क्यूज मी. मघाशी मी चुकीचं सांगितलं. आम्ही हलणार नाही. आम्ही आधी आलोय.”

आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. टेकडीवरच्या एका गाईनेही मान वर केली. आता तो माणूस काहीतरी बोलणार, वाद घालणार, मग आपण काय म्हणायचं, याची भगवानरावांनी जुळवाजुळव सुरू केली.

दाढीवाल्याने त्यांच्या नांगराची साखळी पाहिली, खडक पाहिले, दाढी खाजवली.

“खरंय तुमचं,” तो म्हणाला. “सॉरी हं. आम्हीच सरकतो.”

संपलं! एवढंसंच होतं हे? निळ्या बोटीचं इंजिन सुरू झालं, खडखड करत साखळी वर येऊ लागली आणि ते पन्नास फुटी धूड हळूहळू मागे जायला लागलं. भगवानराव बघत राहिले. लेकीचा अभिमान त्यांना काही नवा नव्हता. तिच्या ग्रॅज्युएशनला तर हॉलमध्ये सगळ्यांदेखत रडले होते. आजचा अभिमान मात्र स्वतःचा होता, आणि तो त्यांच्या छातीत मावत नव्हता.

“बाबा, चहा रेडी आहे,” खालून रूपालीने हाक मारली. “आत या.”

“इकडेच आण,” भगवानराव मागे न बघता म्हणाले. “मी इथून हलत नाही.”