हाकेला ओ

जन्मतःच मेंदूची घडण बिघडलेले उंदीर शिकवल्यावर सुधारतात का, हे प्रयोगशाळेतल्या सरांना बघायचं होतं. अर्धे उंदीर साध्या पिंजऱ्यात राहिले. बाकीचे शिड्या-बोगद्यांच्या ऐसपैस पिंजऱ्यात, कामावर नव्याने लागलेल्या मावशींच्या हवाली. तीन महिने लाडीगोडी लावल्यावर मठ्ठातला मठ्ठ ढब्बूसुद्धा हाक मारताच तळहातावर येऊन बसायला लागला.

"पास झाले तुमचे चिरंजीव," सर म्हणाले. "उद्या सगळ्यांचे मेंदू कापून बघू."

"हे आधी नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर एवढा जीव लावला असता का तुम्ही?"

सकाळी साध्या पिंजऱ्यातले उंदीर पकडताना सरांची दमछाक झाली. तेवढ्यात मावशींनी ढब्बूचं दार सताड उघडलं. "ढब्बू, पळ."


नाव ऐकताच तो धावत येऊन त्यांच्या तळहातावर बसला.