उजव्या पंखाचं पीस

"काका, याही बाणाला दोन पिसं डाव्या पंखाची आणि एक उजव्याचं. मग तो सरळ जाईल कसा? परवा निशाण सोडून भिंतीत घुसला."

"आण, आत्ता बदलून देतो. बस तोवर." बाण करणाऱ्या म्हाताऱ्याने दुसरी खुर्ची पुसली. पीस चिकटवायचा सरस वाळायला तासभर लागे. तेवढ्या वेळात ती तिरंदाज मुलगी स्पर्धेपासून आईच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून टाकी. महिन्यातली ही चौथी खेप.

उठताना ती हळूच म्हणाली, "काका, तुमच्या डोळ्यांना आता ताण नको. पुढचे बाण मी कारखान्यातून मागवलेत."

"बरं केलंस," तो म्हणाला. पीस कुठल्या पंखाचं, हे त्याची बोटं अंधारातही ओळखत. पण ते सांगायचं, तर एक पीस दर वेळी मुद्दाम का चुकतं, तेही सांगावं लागलं असतं.