शेंडेफळ

"खालचा ओठ जरा जाड कर," सोनूबाई म्हणाल्या. "सारखा चावायची ती."

चेतनाने बाहुलीचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि ओठावर पुन्हा ब्रश टेकवला.

घाटकोपरच्या तिच्या दोन खोल्यांत ही खिडकीजवळची जागा कामाची. हुबेहूब माणसासारख्या बाहुल्या जमवणाऱ्या हौशी लोकांसाठी ती चेहरे रंगवायची. पातळ रंगाचा एक थर, तो पक्का व्हायला ओव्हन, मग वर दुसरा थर. पंधरा-वीस थरांनंतर कुठे त्या चेहऱ्यावर माणसाच्या कातडीची कळा यायची. तिचा नियम एकच होता. वारलेल्या मुलांचे चेहरे करायचे नाहीत.

सात वर्षांच्या मुलीची बाहुली हवी म्हणून सोनूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाच तिने तो सांगितला होता. मग विचारलं, "फोटो आहे का, मावशी?"

"नाही गो. आमच्या कुर्ल्याच्या चाळीत तेव्हा कॅमेरा कुणाकडे? बाबा मिलमध्ये, आई चार घरची जेवणं करायची. शेंडेफळाला ताईनेच वाढवलं. ताई बारा वर्षांची, ही सात."

"आणि आता ती...?"

सोनूबाईंनी पदराने चष्मा पुसला. "आता कुठली ती. पण ताई ऐंशीला टेकली, तिला मधलं काही आठवत नाही. रोज दुपारी दाराशी बसते. धाकटी शाळेतून आल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. महिन्याभरात दोनदा सलाईन लावलं."

चेतनाने नियम बाजूला ठेवला.

मग दर गुरुवारी सोनूबाई भांडुपहून यायच्या. डोळे मिटून सांगायच्या. उन्हात सोललेलं नाक. पुढचा पडलेला दात. तेल चोपडलेले, तरी कपाळावर येणारे केस. शाळेच्या वेळेला ताई तिला गॅलरीत उंबऱ्यावर बसवायची, हनुवटी घट्ट धरायची आणि काजळ घालायची. "हलशील तर फटका देईन," म्हणायची. फटका कधी दिला नाही. शेवटी बोटाला उरलेल्या काजळाची गालावर तीट.

"कुठल्या गालावर?"

सोनूबाईंनी स्वतःच्या गालाला बोट लावून पाहिलं. "या."

"तुम्हाला किती बारीकसारीक आठवतं. म्हणजे तुम्ही तिघी बहिणी?"

"चहा टाकतेस काय गो?" सोनूबाई म्हणाल्या. "घसा सुकला बोलून."

दोन महिन्यांनी बाहुली तयार झाली. निळा फ्रॉक सोनूबाईंनी स्वतः शिवून आणला. पोचवायला चेतनाही भांडुपला गेली. रिक्षात तिने विचारलं,

"मावशी, ही खोटी आहे हे त्यांना कळलं तर?"

"तर उद्या दुसरं काही शोधू. आज उपाशी नको राहायला."

दुपारचा एक वाजला होता. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, वाळलेल्या काडीसारख्या. जेवणाच्या टेबलावर ताट झाकून ठेवलं होतं. चेतनाने बाहुली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मागे सरून स्वयंपाकघराच्या दाराशी सोनूबाईंजवळ उभी राहिली.

ताईंनी बाहुलीकडे पाहिलं. मग जिभेला अंगठा लावून त्यांनी बाहुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. गालावरची तीट पाहिली. चेतनाने भीतीने सोनूबाईंचा हात धरला.

ताईंनी बाहुली छातीशी घट्ट धरली आणि दाराशी उभ्या असलेल्या सोनूबाईंकडे पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

"बाई, आता दोन पानां वाढा," त्या म्हणाल्या. "माझी सोनू इली."